खिम्याचा मीटलोफ (पावासारखा टिनमध्ये भाजलेला खिमा) कापताना भुगा होतो

पंचवटीकर: अर्धा किलो मटण खिमा, 2 कच्चे कांदे, 1 अंडं, वाटीभर कोरडा ब्रेडचा चुरा. ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) 200 अंशांवर तासभर. टिनमध्ये पाणी सुटतं, लोफ मात्र कोरडा. चुकतंय कुठे?

चूल_आणि_भट्टी: चुरा मांसाचाच रस ओढतो. त्याऐवजी 2 पाव कुस्करून अर्धी वाटी दुधात 10 मिनिटं भिजवा, पार लगदा व्हायला हवा. कांदा एकच. लासलगावचा खरिपाचा लाल असेल तर पाणी जास्त. बारीक चिरून गुलाबी परता आणि पूर्ण गार करा. गरम घातला तर अंडं तिथेच शिजतं, मग बांधणी कशाने होणार? मीठ सपाट चमचाभर. हलक्या हाताने, मिसळेपर्यंतच कालवा. कणकेसारखं मळलंत तर रबर होईल.

180 अंश, 45 ते 50 मिनिटं. मध्यभागी 71 अंश झाले की काढा. 15 मिनिटं सुरी लावायची नाही.

गंगापूररोड: खिमा कसला घेताय तेही बघा. खाटकाला सांगा, चरबी ठेव, पाचवा हिस्सा तरी. निव्वळ लाल मांसाचा लोफ कोरडाच होणार. टोमॅटो सॉस शेवटच्या 15 मिनिटांतच लावा, आधी लावला तर साखर करपते.

पंचवटीकर: ओटीजी नसेल तर?

चूल_आणि_भट्टी: डब्याला तूप लावा, वर फॉइल घट्ट बांधा. कुकरमध्ये शिट्टी न लावता 45 मिनिटं वाफवा. गार झाल्यावर काप करून तव्यावर खरपूस भाजा.