चार ट्रॅकची खरखर रीमास्टरने जात नाही

'बी थाउजंड' (1994) या अल्बमची खरखर चांगल्या रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगवर नव्याने ध्वनिसंस्कार केल्यावर, निघून जाईल असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते पटत नाही. गायडेड बाय व्हॉइसेस या रॉक बँडनं तो ओहायोतल्या डेटनमध्ये, गॅरेज-तळघरांत, बराचसा चार ट्रॅकच्या (चार आवाज वेगवेगळे घेता येणाऱ्या) कॅसेट रेकॉर्डरवर केलाय. कॅसेटची टेप जेमतेम 3.8 मिमी रुंद. तिच्यावर शेजारीशेजारी चार ट्रॅक, म्हणजे एकेकाच्या वाट्याला मिलिमीटरही नाही. सूंऽऽ आवाज तिथूनच येतो.

खरी मेख 'बाउन्स'ची, जी इथे कुणी काढलीच नाही. असल्या यंत्रावर ड्रम, बास, गिटार तीन ट्रॅकवर घ्यायचे, मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर गाणं चढवायचं. मूळ तीन पुसले जातात. ड्रम दबला असेल तर दबलाच, नंतर साध्या रीमास्टरमध्ये वेगळा काढून वर आणता येत नाही. शिवाय दर बाउन्सला खरखर वाढते आणि झांजांची चकाकी सगळ्यात आधी जाते. याच अल्बममधल्या 'हार्डकोर यूएफओज' या गाण्यात गिटार मध्येच गायब होते, तेही रेकॉर्डिंगमध्येच आहे. फाइल खराब समजून पुन्हा डाउनलोड करत बसू नका!