रानातनं हळू चालणं : तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना बाबांची काठी सापडली आणि हे सगळं आठवलं. डॉक्टर म्हणाले 'चाला', की बाबा रंकाळ्याला घड्याळ लावून फेऱ्या मारायचे. घरी येऊन बीपी मोजायचा, तो होता तिथंच. चिडचिड वेगळीच. मग मामानं एकदा दाजीपूरच्या रानात नेलं. मामा दर झाडापाशी उभा. दोन तासात दोन किलोमीटर झाले नसतील. बाबा आधी वैतागले, मग गप्प झाले. त्या रात्री झोपेची गोळी मागितली नाही. तुमचं काय?

पांढरा रस्सा : आमचा पन्हाळा. झाडीतनं हळूहळू फिरतो, मग तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर. वजन वाढलंय, पण मन हलकं!

शाहूपुरीची सून : झुणका कुठल्या टपरीवर ते सांगा की आधी.

सिस्टर_नाईट ड्युटी : घाईत लिहितोय, भात शिजतोय. जपानच्या वनखात्यानं १९८२ साली याला शिनरिन-योकू नाव दिलं, म्हणजे अरण्यस्नान. तिथल्या चिंग ली या डॉक्टरांनी माणसं तीन दिवस रानात नेऊन रक्त तपासलं, तर रोगाशी लढणाऱ्या एनके पेशी वाढलेल्या, आठवड्यानंतरसुद्धा. झाडं हवेत जी वासाची द्रव्यं सोडतात, त्यांचा त्यात हात असावा म्हणतात. माणसं मोजकीच होती पण. बीपीची गोळी कुणी मनानं बंद करू नका.

गुडघेदुखी : मला रान झेपत नाही. विद्यापीठाच्या आवारात झाडाखालनं जातो. मोर ओरडला की थांबतो, तेवढाच गुडघ्याला आराम.

आंबा घाट : जपानातलं ऱ्हाऊ द्या! आमच्याकडं पावसात हळू चाललं की मोज्यात पंगत बसतीय. तंबाखू-मीठ चोळून जावा.

पांढरा रस्सा : आणि गवा आला तर? तिथंपण हळूच?

आंबा घाट : व्हय. पळायचं नाही, गुमान मागं सरायचं. १९५८ पास्नं दाजीपूरचं अभयारण्य त्याचं हाय, आपण पाव्हणं. सोबत गाईड घ्या. आणि पावसाळ्यात जाऊ नका, बंद असतंय.

शाहूपुरीची सून : टपरी राहिलीच.

धागाकर्ती : काठी पुसून आईला म्हटलं, रविवारी येतीस? म्हणाली, "तुझा बाबा मला कधी घेऊन गेला नाही." चप्पल मात्र शोधायला लागलीय.