१यू क्यूबसॅटची थर्मोव्हॅक चाचणी स्वस्तात कशी बसवायची?

ध्रुवकक्षा: कॉलेजचा १यू क्यूबसॅट (१० सेंमी बाजूचा घनाकृती छोटा उपग्रह) आहे. थर्मोव्हॅक चेंबरचं (निर्वातात तापवून-गारवून तपासायच्या पेटीचं) भाडं तासावर आहे. हाताशी व्हॅक्यूम ओव्हन आणि रोटरी पंप आहे. एवढ्यावर किती भागेल?

निर्वात: रोटरी पंप ०.०१ मिलिबारच्या आसपास अडकतो. तेवढी उरलेली हवाही उष्णता वाहून नेते, म्हणून ट्रान्समीटरचा पॉवर अँप (सिग्नल वाढवणारा भाग) अवकाशात खरा किती तापेल ते कळत नाही. ते कळायला टर्बो पंप (खोल निर्वात करणारा वेगवान पंप) आणि १०⁻⁵ मिलिबार हवंच. पण ते अगदी शेवटी. भाड्याचे तास चुका शोधण्यात घालवू नका.

आधी साध्या क्लायमेट चेंबरमध्ये उपग्रह चालू ठेवून उणे २० ते अधिक ६० अंशांची आठ-दहा चक्रं काढा. कच्चं सोल्डरिंग, ढिले कनेक्टर, गारठ्यात सुरूच न होणारा ऑसिलेटर इथेच पकडले जातात. आत कोरडा नायट्रोजन सोडा, नाहीतर बोर्डावर दव धरतं. शून्याखाली बॅटरी चार्ज करू नका. लिथियम प्लेटिंग (इलेक्ट्रोडवर लिथियम धातू साचणं) झालं की सेल गेला.

ओव्हन वापरा हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि चिकटवलेल्या भागांच्या बेकआउटला, म्हणजे तापवून त्यातले वायू आधीच काढून टाकायला. मात्र पंपाचं तेल उलटं आत येतं. मध्ये ट्रॅप (तेलाची वाफ अडवणारा सापळा) नसेल तर बोर्ड आधीपेक्षा घाण होऊन बाहेर निघतो. निर्वातात वायू सोडणारी पीव्हीसी वायर नकोच, पीटीएफई (टेफ्लॉन) घ्या.

जीआरएमएस: क्रम चुकवू नका: आधी कंपन, मग थर्मोव्हॅक. कंपनाने तडकलेला सांधा तापमान बदललं की उघडा पडतो. शेकर (कंपन देणारं यंत्र) वाहनांचे भाग तपासणाऱ्या लॅबमध्येही मिळतो. पातळी प्रक्षेपण करणाऱ्यांची घ्या. ती हातात येईपर्यंत नासाच्या जीईव्हीएस या चाचणी-मानकातली क्वालिफिकेशनची १४.१ जीआरएमएस (यादृच्छिक कंपनाची तीव्रता, गुरुत्वत्वरणाच्या पटीत), प्रत्येक अक्षावर २ मिनिटं. आधी रिकामा फिक्श्चर (उपग्रह शेकरवर धरणारा साचा) चालवून बघा. चाचणीच्या आधी आणि नंतर ०.२५ जीचा साइन स्वीप (वारंवारिता हळूहळू बदलत दिलेलं हलकं कंपन) घ्या. पहिली नैसर्गिक वारंवारिता ५ टक्क्यांहून जास्त सरकली तर स्क्रू तपासा.

ध्रुवकक्षा: चेंबरमध्ये थर्मोकपल किती लावू? ट्रान्समीटर कधी चालू करायचा?

निर्वात: आठ पुरतात. बॅटरी आणि पॉवर अँपवर एकेक हवंच, बाकीचे चौकटीवर आणि सोलर पॅनलवर. तापमान तासाला १ अंशापेक्षा कमी बदलू लागलं की मगच थांब्याचा (त्या तापमानाला ठेवायचा) वेळ मोजा.

ट्रान्समीटर १०⁻⁴ मिलिबारच्या खाली गेल्यावरच. हवा काढताना १ मिलिबारच्या आसपास कोरोना (विरळ हवेतला विद्युत विसर्ग) पेटतो आणि पॉवर अँप जळतो. उघडण्याआधी सगळं खोलीच्या तापमानाच्या वर आणा, मग नायट्रोजन भरा. अहमदाबादच्या इन-स्पेस (खासगी अवकाश उपक्रमांसाठीची सरकारी संस्था) तांत्रिक केंद्राचेही दर विचारून ठेवा.