सांतोस बेनाविदेस : गावाचा राखणदार की कापसाचा पहारेकरी?

नदीकाठचा (धागाकर्ता)

अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या बाजूने लढलेला माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर येतो व्हर्जिनियाचा गोरा जमीनदार. बेनाविदेस त्यात कुठेच बसत नाही, म्हणून हा धागा.

१८२३ साली टेक्ससमधल्या लारेडोत जन्म. आजच्या अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या उत्तर काठावरचं हे गाव १७५५ मध्ये तोमास सांचेसने वसवलं, हा त्याच्याच वंशातला. जन्मला तेव्हा गाव मेक्सिकोत. १८४० मध्ये काही महिने ते 'रिओ ग्रांदे प्रजासत्ताक' नावाच्या औटघटकेच्या राज्याची राजधानी झालं. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतरच्या १८४८ च्या तहात अमेरिकेकडे गेलं. आम्हाला मेक्सिकोतच राहू द्या, असा गावकऱ्यांनी अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. मग काही घरं उठून नदीपलीकडे गेली आणि न्वेवो लारेडो वसलं. जाताना पूर्वजांच्या अस्थी उकरून सोबत नेल्या, असं तिकडे सांगतात.

बेनाविदेस गेला नाही. दुकान, गुरं, नदीपलीकडचा व्यापार हे सगळं सांभाळत १८५६ मध्ये महापौर झाला, १८५९ मध्ये वेब काउंटीचा (लारेडोच्या जिल्ह्याचा) मुख्य न्यायाधीश. १८६१ मध्ये टेक्सस फुटून निघालं तेव्हा हा दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन, १८६३ मध्ये कर्नल. दक्षिणेच्या फौजेत एवढ्या हुद्द्यावर पोचलेला दुसरा टेहानो (टेक्ससमधला मेक्सिकन वंशाचा माणूस) नाही.

आणि मग १९ मार्च १८६४. उत्तरेचे सुमारे २०० घोडेस्वार लारेडोवर चालून आले. गावच्या चौकात कापसाच्या ५,००० गाठी रचलेल्या, त्यांच्यासाठीच. बेनाविदेस आजारी, हाताशी ४२ माणसं. अंथरुणातून उठून घोड्यावर बसला. निघताना भावाला, क्रिस्तोबालला, सांगून गेला: डाव उलटला तर कापसाला आग लाव, नीट लाव, एक गाठही त्यांच्या हाती पडता कामा नये, आणि मग माझं नवं घरही पेटव. झाकाते ओढ्याच्या बाजूने आलेले तीन हल्ले त्याने परतवले. रात्री दुसरा भाऊ रेफुहिओ कुमक घेऊन पोचला आणि उत्तरेचे लोक माघारी गेले.

माझं मत सरळ आहे. झेंडे बदलत राहिले, गाव तेच राहिलं. हा माणूस गावासाठी लढला. त्याला आजच्या फूटपट्टीने मोजू नये.

सडेतोड

आजची फूटपट्टी? मेक्सिकोने गुलामगिरी १८२९ मध्येच बंद केली होती. म्हणजे ज्या नदीवर हे महाशय धंदा करत होते, ती ओलांडली की माणूस सुटत होता. टेक्ससमधले गुलाम जिवावर उदार होऊन तिकडे पळत होते आणि बेनाविदेस मंडळी नदीपार जाऊन त्यांना पकडून आणत होती. फूटपट्टी त्या काळातलीच आहे. फक्त ती पलीकडच्या काठावर होती.

लारेडोत स्वतः गुलाम बाळगणारे नावापुरतेच. तेव्हा 'पोटापाण्याचा प्रश्न होता' हीही सबब नको. दुसऱ्याच्या गुलामगिरीची चाकरी केली त्याने.

आणि हुआन कोर्तिनाला विसरलात की सोयीने वगळलात? १८५९ मध्ये ब्राउन्सव्हिलमध्ये एक गोरा मार्शल एका मेक्सिकन माणसाला मारहाण करत होता. कोर्तिनाने त्या मार्शलवर गोळी झाडली, पुढे अडीच महिन्यांत अख्खं शहर ताब्यात घेतलं. आपल्या लोकांच्या जमिनी आणि अब्रू लुटली जातेय, हे त्याचं म्हणणं. मे १८६१ मध्ये कारिसो गावी त्याच कोर्तिनाच्या माणसांना कोणी झोडपून काढलं? तुमच्या राखणदाराने.

कापूसकोंड्या

नावातच कापूस असल्यामुळे मला बोलणं भाग आहे. :)

दोघंही भावनेत वाहताय. चौकात काय रचलं होतं ते बघा. लिंकनने १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. कापूस बाहेर काढायला एकच फट उरली, ती म्हणजे मेक्सिको. बैलगाड्यांनी माल सीमेवर, तिथून मातामोरोसला (ब्राउन्सव्हिलसमोरचं मेक्सिकन शहर), पुढे परक्या जहाजांतून युरोपला. मेक्सिको तटस्थ, त्यामुळे उत्तरेच्या आरमाराला हात चोळत बसावं लागे. नोव्हेंबर १८६३ मध्ये उत्तरेने ब्राउन्सव्हिल घेतलं आणि ही वाट नदीकाठाने वर सरकली, थेट लारेडोच्या दारात. चार महिन्यांत हल्ला आलाच. व्यापाऱ्याने व्यापाराचा नाका राखला, एवढीच गोष्ट. नाव कर्नल, काम जकातनाक्याचं.

आणि तीच नाकेबंदी आपल्याकडे काय घेऊन आली? लिव्हरपूलला जाणारा अमेरिकन कापूस तुटला म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कापूस-दलाल प्रेमचंद रायचंद आणि बॅकबेच्या (समुद्रात भर घालणाऱ्या कंपनीच्या) शेअर्सचा धुमाकूळ झाला, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं धाडकन खाली आलं. मुंबईचे दलाल तेव्हा देवाकडे काय मागत असतील? 'हे युद्ध लवकर संपू दे' असं तर नक्कीच नाही. त्यामुळे लारेडोच्या दुकानदाराला शिव्या देताना जरा जपून.

वैदर्भीय

कापूसकोंड्या, +१. फक्त भाव सोन्याचा आला तो दलालाला. शेतकऱ्याच्या हाती किती लागलं, त्यावर वेगळा धागा काढा.

डॅलसकर

लारेडोला कामानिमित्त दोन-तीनदा गेलोय. तो सान आगुस्तीन चौक अजून आहे. बाजूला त्या औटघटकेच्या प्रजासत्ताकाचं छोटंसं संग्रहालय. टेक्ससवर सहा झेंडे फडकले असं शाळेत शिकवतात, लारेडोवाले त्या प्रजासत्ताकाचा धरून सात मोजतात आणि ऐटीत मोजतात. आजही शहर पुलांवरच्या ट्रकांवर जगतं. नदी दिसायच्या आधी ट्रकांची रांग दिसते.

कापूसकोंड्यांचा 'निव्वळ व्यापारी' हा मुद्दा मला पटत नाही. उत्तरेच्या त्या फौजेचा म्होरक्या एडमंड डेव्हिस. हा एकेकाळी लारेडोतच कस्टम्समध्ये नोकरीला होता, बेनाविदेसला ओळखून होता. त्याने याला उत्तरेच्या सैन्यात जनरलपद देऊ केलं होतं. याने नाकारलं. निव्वळ व्यापाऱ्याने चालून आलेला सौदा सोडला असता? आणि कुठला व्यापारी स्वतःचं नवं घर जाळायला सांगतो?

त्या घराण्याचा इतिहास दूरच्या राजधानीशी भांडण्याचा आहे. आधी मेक्सिको सिटीशी भांडले, मग वॉशिंग्टनशी. 'आमचं आम्ही बघू' हा सूर जुना. दक्षिणेची राज्यांच्या हक्कांची भाषा त्यांना ओळखीची वाटली असणार.

सडेतोड

डॅलसकर, तुम्ही त्याची बाजू मांडताय की माझी? पैशासाठी केलं असतं तर निदान कापूसकोंड्यांसारखं खांदे उडवता आले असते. समोरून जनरलपद येतंय, गुलामगिरी मोडणाऱ्या बाजूने येतंय, आणि हा विचार करून नाही म्हणतोय! 'आमचं आम्ही बघू' यातल्या 'आम्ही'त नदीकडे पळणारा माणूस कुठे होता?

आणखी एक. १८६४ च्या त्या सीमेवरच्या उत्तरेच्या पलटणींतही टेहानो आणि मेक्सिकन बरेच होते. म्हणजे त्याच नदीकाठच्या, तीच भाषा बोलणाऱ्या माणसांना दुसरा रस्ता दिसला होता. 'त्या काळी सगळे असेच होते' हे वाक्य तिथेच संपतं.

नदीकाठचा (धागाकर्ता)

सडेतोड, गुलाम पकडून आणण्याचा भाग मी लेखात घ्यायला हवा होता. सोयीने वगळला हा आरोप मान्य. कोर्तिनाबद्दल मात्र नाही. कोर्तिना लारेडोकरांना मुक्तिदाता वाटत नव्हता, बाहेरून येणारी धाड वाटत होती. नेता एकाच वंशाचा असला म्हणून गावाने त्याच्यामागे जावं, ही अपेक्षा आपण फक्त अल्पसंख्याकांकडूनच करतो.

युद्धानंतरचंही थोडं सांगतो, कारण तिथे हा माणूस मला जास्त उमगतो. पुन्हा क्रिस्तोबालबरोबर दुकान आणि गुरं. १८७९ पासून तीन वेळा टेक्ससच्या विधिमंडळात, दोनदा लारेडोचा नगरसेवक. गावात तेव्हा दोन तट होते, बोता म्हणजे बूटवाले आणि ग्वाराचे म्हणजे वहाणावाले. दोन्ही डेमोक्रॅटच, पण १८८६ मध्ये निवडणुकीवरून रस्त्यात गोळीबार होण्यापर्यंत गेलं. गावातला हा बडा व्यापारी, माजी कर्नल, वहाणावाल्यांच्या बाजूला होता.

सडेतोड

वहाणा घालणाऱ्यांचं नाव लावणं आणि वहाणा घालणं यात फरक असतो. आपल्याकडच्या कुठल्याही सहकारी साखर कारखान्याची निवडणूक आठवा.

कापूसकोंड्या

आता साखरेवर नेऊ नका, कापसावरच राहा. डॅलसकर, ते नवं घर अजून उभं आहे का?

डॅलसकर

चौकात विचारलं नव्हतं कधी. पुढच्या महिन्यात परत जायचंय, तेव्हा विचारतो. ट्रकांच्या रांगेतून वेळेत सुटलो तर.