मदत हवी आहे: नवीन कुटुंबं दोन-तीन रविवार चर्चमध्ये मिस्साला (सामूहिक उपासनेला) येतात, मग दिसेनाशी होतात

काकतीकर
मंडळी, आमचा कॅथलिक पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला समाज) बेळगाव शहराच्या कडेला आहे. रविवारी मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा तीन मिस्सा होतात. एप्रिल ते जुलै हा बदल्यांचा हंगाम. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आणि सांब्र्याचं एअर फोर्स स्टेशन इथे बदलून आलेली केरळ-झारखंडची कुटुंबं, नेहरूनगरच्या हॉस्पिटलातल्या नर्स, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आलेली पोरं, मंगळूरकडचे बँकवाले, असे सगळे येतात. दारात स्वागत होतं, शेवटी फादर नवीन लोकांना उभं राहायला सांगतात, टाळ्या होतात. मग ऑफिसात फॉर्म आणि जुन्या पॅरिशचं पत्र मागितलं जातं. त्यानंतर बरेचजण परत येत नाहीत. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत ठोस काही मांडायचं आहे. नेमकं काय बदलावं?

नंदगडकर
आधी ते पत्र बाजूला ठेवा. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) कलम १०२ आणि १०७ प्रमाणे माणूस पॅरिशचा होतो तो राहण्यामुळे. तुमच्या हद्दीत किमान तीन महिने राहण्याच्या इराद्याने आला किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिला, तर तो तुमचाच पॅरिशनर. जुन्या फादरांचं पत्र असेल तर ओळखीला चांगलं, पण ते नाही म्हणून कुटुंबाला दारात अडवायचं कारण नाही. पोस्टिंगवर आलेल्याने केरळातल्या गावाहून पत्र कधी मागवायचं आणि ते कधी पोचायचं? तोवर त्याने दुसरं चर्च शोधलेलं असतं.

कागद लागतो तो संस्काराच्या वेळी. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला साधारण सहा महिन्यांच्या आतला, नव्याने काढलेला हवा. बाप्तिस्म्याची नोंद ज्या चर्चात बाप्तिस्मा झाला तिथेच राहते आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न यांची टिपणं तिच्याच कडेला चढतात, म्हणून जुना दाखला चालत नाही. ही गोष्ट नवीन कुटुंबाला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा. लग्न ठरल्यावर धावपळ सुरू झाली की ऑफिसवाल्यांशी खटके उडतात, आणि ती कटुता मग जात नाही.

टिळकवाडी_गल्ली
उभं करून टाळ्या वाजवणं बंद करा. लाजणारा माणूस पुढच्या रविवारी दहा मिनिटं उशिरा येतो आणि आशीर्वाद होताच निघतो, म्हणजे कोणाच्या नजरेला पडायलाच नको. त्यापेक्षा फादरांनी सगळ्यांनाच उद्देशून एक वाक्य सांगावं: आज पहिल्यांदा आलात तर पोर्चमध्ये पिवळी ओढणी किंवा बिल्ला लावलेल्या माणसाला भेटा.

ऑफिसच्या फॉर्मऐवजी पोस्टकार्डाएवढं कार्ड ठेवा. त्यावर नाव, मोबाईल, घरची भाषा, राहण्याचा भाग, मुलं कितवीत आहेत, कोणती वेळ जमते, एवढंच. लग्न चर्चमध्ये झालंय का, पगार किती, वर्गणी किती देणार, हे पहिल्या दिवशी विचारू नका. लग्नाची भानगड असलेली माणसं त्या एका रकान्यापाशी पेन खाली ठेवतात. तो विषय फादरांनी नंतर निवांत काढायचा असतो.

खरी परीक्षा दुसऱ्या रविवारी असते. पहिल्या दिवशी दहाजण बोलतात, दुसऱ्या रविवारी कोणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी बघतोय. म्हणून कार्ड आलं की त्याच दिवशी त्यावर एका माणसाचं नाव लिहा, शक्यतो त्याच भाषेचा आणि त्याच भागातला. त्याने मंगळवारपर्यंत एक फोन करायचा आणि पुढचे चार रविवार आपल्या बाकावर जागा धरायची. एका माणसाकडे एका वेळी दोनच कुटुंबं द्या, जास्ती दिली की फोन राहतात.

बाकांचंही बघा. जुनी माणसं कडेला बसतात, नवीन माणसाला गुडघे ओलांडून आत जावं लागतं. आपल्याच लोकांनी आत सरकून बसायची सवय लावा.

खानापूर_रोड
व्हॉट्सअॅपबद्दल एक. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज फक्त ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असतो त्यालाच पोचतो. कार्ड घेताना समोरच नंबर सेव्ह करून घ्या, नाहीतर मिस्साची वेळ बदलली तरी त्यांना कळत नाही आणि आपण म्हणतो आले नाहीत. मोठ्या ग्रुपमध्ये न विचारता घालू नका, विशेषतः एकट्या राहणाऱ्या नर्स मुलींचा नंबर दोनशे लोकांना दिसतो.

मराठी मिस्साला येणाऱ्या नवीन लोकांना मिस्सा माहीत असते, मराठी शब्द माहीत नसतात. प्रतिसाद आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' एका कार्डावर देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिपींत छापून लॅमिनेट करा. कार्ड दारात ठेवू नका, बाकावर ठेवा. दारात मागायला संकोच वाटतो.

शिफ्टवाल्यांसाठी शनिवारची संध्याकाळची मिस्सा जरूर सांगा, ती रविवारी मिस्साला यायचं कर्तव्य पूर्ण करते. कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये घरभेटीला अचानक जाऊ नका. त्या कुटुंबालाच आधी विचारा, गेटवर पास लागतो का ते तेच सांगतील.

चहा ठेवत असाल तर साठ अर्ध्या कपांना दूध अडीच लिटर, पाणी तीन लिटर, चहा पावडर ९०-१०० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम पुरते. थोडा बिनसाखरेचा वेगळ्या थर्मासमध्ये ठेवा. आपल्याकडच्या पावसात अंगणात टेबल लावलं तर जून ते सप्टेंबर सगळं वाया जातं, पोर्चमध्येच लावा. लगेच पुढची मिस्सा असेल तर तिला जाणाऱ्यांनी आधी चहा घेऊ नये, कम्युनियनच्या (मिस्सात पवित्र भाकर घेण्याच्या) आधी तासभर उपवास असतो. आणि चहाचं काम नवीन माणसाकडे देऊ नका. तो कप भरत राहतो, बोलायचं राहून जातं.

काकतीकर
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका. केरळच्या सिरो-मलबार (वेगळ्या, पौर्वात्य रीतीच्या कॅथलिक) कुटुंबांचं काय करायचं? आणि नवरा किंवा बायको हिंदू असेल तर?

नंदगडकर
सिरो-मलबार कुटुंब तुमच्याकडे कितीही वर्षं मिस्साला आलं तरी त्यांचं रीत-सदस्यत्व बदलत नाही. त्यांना 'लॅटिनमध्ये या' (म्हणजे आपल्या रीतीत या) असं कोणी म्हणू नये, दुखावतात. मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गात आली की बाप्तिस्म्याचा दाखला नीट वाचा. त्यांच्यात दृढीकरण बहुतेकदा बाप्तिस्म्यासोबतच झालेलं असतं आणि हा संस्कार दुसऱ्यांदा देता येत नाही. दृढीकरणाच्या वर्गात सगळ्यांसोबत नाव घालून टाकलं आणि बिशप येण्याच्या आठवड्यात लक्षात आलं, तर मुलाला यादीतून काढावं लागतं. त्या पोराचा किती हिरमोड होतो!

टिळकवाडी_गल्ली
हिंदू जोडीदाराला मिस्साआधीच हळू आवाजात सांगायचं की कम्युनियनला रांगेत जायची गरज नाही, बसून राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही. फादरांना विचारून ठेवा, काही चर्चांत हात छातीवर घडी करून आले तर आशीर्वाद देतात. रांगेत पुढे पोचल्यावर परत पाठवणं मात्र टाळाच. त्यांच्यासाठी खरं जवळ येण्याचं ठिकाण म्हणजे ऑक्टोबरमधली घरोघरची रोझरी (जपमाळेची प्रार्थना). ती कोणाच्या घरी कधी ते ठरवताना नवीन कुटुंबाचं घर पहिल्या आठवड्यात नको, तिसऱ्या-चौथ्यात घ्या. आधी त्यांना दोन-तीन घरी जाऊन रीत बघू दे. प्रसादाला काय ठेवायचं तेही नीट सांगा, केळी आणि चुरमुरे पुरे झाले. नाहीतर भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारं घर शेजारच्यांच्या जेवणाशी तुलना करतं आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतं.

काकतीकर
कार्ड, एक माणूस चार रविवार आणि पत्राची अट काढणं, हे तीन मुद्दे बैठकीत मांडतो. लिपीचं कार्ड कोणाकडे तयार असेल तर इथे टाका, कन्नड भाग तपासून घेतो.