जुन्या पिकअपची मागची बाजू दीड इंच उचलण्याबाबत

प्रश्न: माझी 2006 सालची पिकअप दिंडोरीहून नाशिकच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट आणते. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) इतके बसले आहेत की भरलेल्या गाडीचे बंप रबर (धक्का झेलणारा रबरी तुकडा) खड्ड्यात आसावर आदळते. लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी), आस व पाट्यांमध्ये ठोकळा की जादा पाटा?

उत्तर 1: पाटेच थकले असतील, तर आधी तेच बदलावेत. गरम करून पुन्हा कमान दिलेले पाटे माझ्या गाडीत एका हंगामातच बसले. शॅकल दोन इंच वाढवले, तरी उंची साधारण एकच इंच वाढते आणि वजन पेलण्याची ताकद तेवढीच राहते.

उत्तर 2: सहमत. जादा पाटा घातल्यास रिकामी गाडी खड्ड्यात उसळेल, हे मात्र गृहीत धरावे. ठोकळा घालायचाच असेल, तर तो एकसंध असावा, यू-बोल्ट (पाटे आसाला आवळणारे) नवे व लांब घ्यावेत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा आवळावेत. मागच्या ब्रेकला वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असल्यास त्याची दांडी जुळवून घ्यावी. अन्यथा गाडी उचलल्यावर व्हॉल्व्हला ती रिकामीच भासते आणि भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो.

प्रश्नकर्ता: दांडी आहे, गंजलेली. आधी पाटेच बदलतो.