मदत हवी आहे: श्वासातला कार्बन हिशेबात धरायचा का?

मुलीच्या नववीच्या प्रकल्पासाठी घराचा कार्बन हिशेब मांडतोय. गॅसचं जमलं: १४.२ किलोचा सिलिंडर, किलोमागे साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ४२ च्या आसपास. विजेची युनिटं बिलावरून घेतली. अडलंय ते माणसांवर! एकेकजण श्वासातून दिवसाला जवळपास १ किलो सोडतो. पण पेशी ज्या ग्लुकोजमधून ऊर्जा काढतात, त्यातला कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला, म्हणून मी तो वगळला. (कुत्र्याचाही.) बरोबर ना?

मग ते पीक पिकवताना होणारं उत्सर्जन, म्हणजे भातखाचरातला मिथेन, युरिया, पंपाचं डिझेल, ते धरायचं का? ऑनलाइन कॅल्क्युलेटर पाहिले, त्यांत ज्वारी-बाजरी नाहीच. आम्ही शाकाहारी, महिन्याला १२ किलो तांदूळ लागतो. किलोमागे कोणता आकडा धरू, आणि तो कच्च्या तांदळाचा की शिजलेल्या भाताचा?